घरी पहिला गेम कन्सोल आणताय? खोका आणण्याआधीपासून पहिला गेम सुरू होईपर्यंतचं सगळं

मी कंट्रोलर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा पस्तिशी उलटून गेली होती. त्याआधी कन्सोल म्हणजे टीव्हीखाली ठेवलेली काळी पेटी आणि तिच्यासमोर आरडाओरडा करणारी मुलं, एवढीच माहिती. मग भाचा वर्षभरासाठी आमच्याकडे राहायला आला, कन्सोल घ्यायचं ठरलं, आणि मी वाचायला बसले तर सगळीकडे टेराफ्लॉप आणि फ्रेम रेटची चर्चा. पण डिस्क घातल्यावरही गेम डाउनलोड का होतोय, जुना कंट्रोलर नव्याला चालेल का, आर३ नावाचं बटण नेमकं असतं कुठे, असल्या साध्या प्रश्नांची उत्तरं एका जागी कुठेच मिळेनात. ती मी नंतर एकेक करून गोळा केली, काही वेळा पैसे वाया घालवून. ज्यांनी आयुष्यात कधीच कन्सोल चालवला नाही त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. निवड करताना पेटीकडे नंतर बघा, आधी ती कोण वापरणार, कोणाबरोबर खेळणार आणि कुठल्या टीव्हीवर, ते बघा. "सगळ्यात पॉवरफुल कोणता?" हा प्रश्न नवीन माणसाच्या काहीच कामाचा नाही.

कन्सोल म्हणजे नक्की काय

फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेला कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, कंट्रोलरने चालवायचा, झालं. पीसीवर गेम घेताना आपलं ग्राफिक्स कार्ड चालेल का, रॅम पुरेल का हे बघावं लागतं. इथे गेमच्या खोक्यावर तुमच्या कन्सोलचं नाव असेल तर तो चालणार, कारण त्या मॉडेलच्या सगळ्या पेट्या आतून सारख्या असतात आणि गेम बनवणारे त्याच पेटीवर तपासून बघतात.

ही कल्पना ५० वर्षांहून जुनी आहे. १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स ओडिसी आला, राल्फ बेअर यांच्या डोक्यातून निघालेला, घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला कन्सोल. त्याला आवाज नव्हता, स्कोअर खेळणाऱ्यांनीच कागदावर लिहायचा, आणि मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवायचा! पुढे १९७७ च्या अटारी २६०० ने कार्ट्रिज, म्हणजे गेम असलेली छोटी डबी, बदलून वेगवेगळे गेम खेळायची पद्धत घरोघरी नेली, १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला, तो निन्टेंडोने १९८५ पासून परत उभा केला. १९९४ ला सोनीचा प्लेस्टेशन, २००१ ला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. आज घरगुती कन्सोल म्हटलं की मुख्यतः हीच तीन नावं.

इतिहासातला कामाचा मुद्दा म्हणजे "पिढी". साधारण ६-७ वर्षांनी कंपन्या नवी पेटी काढतात, आणि नव्या पिढीचा गेम जुन्या पेटीवर चालत नाही. उलट दिशेने मात्र बऱ्याचदा चालतं, म्हणजे प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम प्लेस्टेशन ५ वर चालतात. तेव्हा गेम घेताना नावाबरोबर आकडाही वाचा. नुसतं "प्लेस्टेशनचा गेम" असं काही नसतं.

१. आधी माणसं मोजा

वहीत दोन ओळी लिहा. घरात एकत्र बसून किती जण खेळणार? आणि लांबच्या कुणाबरोबर ऑनलाइन खेळायचंय का?

एकत्र बसून खेळायचं असेल, त्यात लहान मुलं, आजी-आजोबा, कधीच न खेळलेली मंडळी असतील, तर निन्टेंडो स्विच किंवा २०२५ मध्ये आलेला स्विच २ हा माझ्या मते सगळ्यात सोपा. तो डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये, बसवला की टीव्हीवर, काढला की हातात. त्याचे जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही कडांचे छोटे कंट्रोलर, सुटे होतात आणि बऱ्याच गेममध्ये एकेक जण एकेक धरून खेळू शकतो, म्हणजे पहिल्या दिवशीच दोन कंट्रोलर. पण सांभाळा, स्विच लाइट नावाचा जो छोटा प्रकार आहे तो टीव्हीला जोडताच येत नाही आणि त्याचे जॉय-कॉन सुटेही होत नाहीत. नाव सारखं, खोका सारखा, स्वस्त म्हणून लोक उचलतात आणि घरी आल्यावर केबल शोधत बसतात.

मोठ्या पडद्यावर सिनेमासारख्या कथा, मोठी जगं, रेसिंग, फुटबॉल असं हवं असेल तर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस. हे नोव्हेंबर २०२० मध्ये आले. दोन्हींवर मोठे गेम बहुतेक तेच मिळतात, फरक आहे तो त्या-त्या कंपनीच्या खास गेमांचा आणि सबस्क्रिप्शनचा.

आणि ऑनलाइन खेळायचं असेल तर सरळ फोन करून विचारा की बाबा तुझ्याकडे कुठला आहे. काही गेममध्ये वेगवेगळ्या कन्सोलवरचे लोक एकमेकांबरोबर खेळू शकतात, त्याला क्रॉसप्ले म्हणतात, पण प्रत्येक गेममध्ये ती सोय नसते. भाच्याचे सगळे मित्र एकाच कन्सोलवर होते हे त्याला एका वाक्यात विचारलं तेव्हा कळलं, आणि तोपर्यंत मी तीन आठवडे तुलनेचे तक्ते वाचत होते.

२. डिस्क की डिजिटल

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मीही.

काही कन्सोलमध्ये डिस्क घालायची फट असते, काहींमध्ये नसते. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये नसते. सिरीज एक्समध्ये असते, पण २०२४ पासून त्याचाही फट नसलेला एक प्रकार मिळतो. प्लेस्टेशन ५ चे डिस्कवाला आणि डिजिटल असे दोन प्रकार आहेत, आणि २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो तर ड्राइव्हशिवायच येतो. २०२३ पासूनच्या बारीक अंगाच्या प्लेस्टेशन ५ ला आणि प्रोला ड्राइव्ह नंतर विकत घेऊन बसवता येतो, फक्त तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. एक्सबॉक्सला असा नंतर ड्राइव्ह बसवता येत नाही.

आमच्याकडे मी फट नसलेलाच आणला, दिसायला छोटा आणि स्वस्त म्हणून, आणि आठवड्याभरात भाच्याच्या वाढदिवसाला दोन मित्रांनी दोन डिस्क आणून दिल्या. त्या त्याने हातात धरल्या, पेटीच्या चारी बाजूंनी फिरवून बघितल्या, आणि काही न बोलता कपाटात ठेवून दिल्या. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

मग ठरवायचं कसं? डिस्क असेल तर गेम खेळून झाल्यावर विकता येतो, मित्राला देता येतो, जुनी डिस्क कमी पैशात मिळते. डिजिटलमध्ये गेम तुमच्या अकाउंटला चिकटतो, विकता येत नाही, पण उठून डिस्क बदलावी लागत नाही आणि ऑनलाइन दुकानात सेल वारंवार असतात. तुमच्या ओळखीत गेमची देवाणघेवाण करणारे लोक असतील किंवा इंटरनेट धीमं असेल तर डोळे मिटून डिस्कवाला घ्या.

पण डिस्क आहे म्हणून इंटरनेट लागणारच नाही असंही नाही. आताच्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेम डिस्कवरून चालत नाही, आधी तो आतल्या एसएसडीवर, म्हणजे गेम साठवायच्या जागेत, कॉपी होतो आणि नंतर डिस्क फक्त किल्लीसारखी, ती आत असेल तरच गेम उघडतो. वर अपडेट डाउनलोड होतात ते वेगळे. स्विचचे गेम डिस्कऐवजी छोट्या कार्डावर येतात, आणि स्विच २ चे काही गेम तर "गेम-की कार्ड" म्हणून येतात, कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते, गेम सगळा डाउनलोड करावा लागतो. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

३. टीव्ही तपासा

टीव्हीच्या मागे हात घालून एचडीएमआयचा, म्हणजे चित्र आणि आवाजाची केबल लावायचा, एक पोर्ट मोकळा आहे का ते बघा. सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, स्टिक यांनी सगळे अडवलेले असतात आणि ते कन्सोल आणल्यावर कळतं.

४के टीव्ही असायलाच हवा असं अजिबात नाही. साध्या फुल एचडी टीव्हीवर सगळे कन्सोल चालतात. पहिला स्विच तर टीव्हीवर जास्तीत जास्त १०८०पी, म्हणजे फुल एचडीच देतो. कन्सोल घ्यायचा म्हणून टीव्ही बदलू नका, आधी सहा महिने खेळा.

जे खरंच करायला हवं ते फुकट आहे: टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन "गेम मोड" चालू करा. टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून आत त्याच्यावर बरीच प्रक्रिया करत असतो आणि त्यात सेकंदाचा काही अंश जातो. सिनेमा बघताना ते कळत नाही, पण गेममध्ये तुम्ही बटण दाबता आणि पात्र उडी मारायला उशीर करतं. नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये, आणि तो चारदा खड्ड्यात पडून कंट्रोलर खाली ठेवतो. गेम मोडमध्ये टीव्ही ही प्रक्रिया कमी करतो. माझी बहीण "माझ्या हाताला वेग नाही" म्हणून सोडून देणार होती, सेटिंग बदललं आणि त्याच संध्याकाळी तिने तो टप्पा पार केला.

४. आधी हाताशी काय काय ठेवायचं

- मोकळा एचडीएमआय पोर्ट आणि जवळ विजेचं सॉकेट
- वायफायचा पासवर्ड, किंवा राउटर जवळ असेल तर लॅन केबल, तीच जास्त भरवशाची
- चालू असलेला ईमेल आणि फोन, कारण कोड त्याच्यावर येतात
- एक वही, अकाउंटचा ईमेल, पासवर्ड आणि बॅकअप कोड लिहायला
- एक्सबॉक्स असेल तर दोन डबल ए सेल जादाचे, कारण त्याच्या साध्या कंट्रोलरला सेल लागतात. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर यूएसबी-सीने चार्ज होतो
- दुसरा कंट्रोलर, दोघांनी खेळायचं असेल तर, कारण प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या खोक्यात बहुतेक वेळा एकच असतो
- आणि मोकळी संध्याकाळ, सविस्तर सहाव्या पायरीत

दुसऱ्या कंट्रोलरबद्दल: जुना पडून असेल तर वापरता येतो का? एक्सबॉक्स वनचा, म्हणजे आधीच्या पिढीचा कंट्रोलर सिरीज एक्स/एसवर मजेत चालतो. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर मात्र प्लेस्टेशन ५ ला जोडला तरी त्याच्यावर फक्त प्लेस्टेशन ४ चे गेम खेळता येतात, ५ चे नाही. जुन्यावर विसंबून लोक एकच कंट्रोलर घेतात आणि अडकतात. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठी खास कंट्रोलरही आहेत, एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ पासून आणि प्लेस्टेशनचा अ‍ॅक्सेस २०२३ पासून.

५. जोडणी

हे खरंच सोपं आहे, घाबरू नका. पेटी अशा जागी ठेवा जिथे मागून आणि बाजूने हवा खेळेल. बंद कपाटात, गालिच्यावर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर नको, आतला पंखा गरम हवा बाहेर टाकत असतो आणि तिला बाहेर जायला वाट हवी. खोक्यातलीच एचडीएमआय केबल वापरा, घरात पडलेली जुनी नको. एक टोक कन्सोलला, एक टीव्हीला, वीज जोडा, टीव्हीचा इनपुट तोच एचडीएमआय करा.

कंट्रोलरची ओळख करून द्यावी लागते. प्लेस्टेशन ५ ला पहिल्यांदा केबलने जोडून मधलं बटण दाबा. एक्सबॉक्सला पेटीवरचं आणि कंट्रोलरवरचं पेअरचं छोटं बटण दाबा. स्विचचे जॉय-कॉन कडेला बसवले की झालं. डिस्क फिरत असताना पेटी उभीची आडवी करू नका, डिस्कवर ओरखडा पडतो.

६. पहिली संध्याकाळ अपडेटची

मुलांना "आज संध्याकाळी खेळू" असं वचन देऊ नका. नवा कन्सोल चालू केला की आधी तो स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करतो, मग कंट्रोलरचं, मग गेम डाउनलोड होतो, मग गेमचा अपडेट.

हिशोब करून बघा. मोठे गेम १०० जीबीच्या पुढे जातात. तुमच्या इंटरनेटचा वेग ५० एमबीपीएस असेल तर त्यातला "बी" हा बिटचा आहे, बाइटचा नाही, म्हणजे ८ ने भागा, सेकंदाला जेमतेम ६ एमबी. १०० जीबीला साडेचार तास. तेही घरात दुसरं कुणी काही बघत नसेल तर. शक्य असेल तर आदल्या रात्रीच सगळं लावून ठेवा आणि कन्सोल पूर्ण बंद न करता रेस्ट किंवा स्लीप मोडमध्ये ठेवा, त्या मोडमध्येही डाउनलोड चालू राहतं.

आतली जागाही खोक्यावरच्या आकड्याइतकी मिळत नाही. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी होतं, त्यातलं गेमांना साधारण ६६७ जीबी मिळतं. सिरीज एसच्या ५१२ जीबीतून साधारण ३६४. म्हणजे सिरीज एसवर तीन-चार मोठे गेम टाकले की पेटी भरली. भरली म्हणून लगेच साधी यूएसबी हार्ड डिस्क आणू नका. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सला ती चालते, पण नव्या पिढीचे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, खेळायचे तर परत आत कॉपी करावे लागतात. प्लेस्टेशन ५ ला आत एम.२ एसएसडी बसवायची जागा आहे, एक्सबॉक्स सिरीजला त्याचं वेगळं कार्ड येतं, आणि स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचंच कार्ड लागतं, जुनं मायक्रोएसडी त्याच्या गेमांना चालत नाही. त्याआधी खेळून झालेला गेम सरळ डिलीट करा. विकत घेतलेला गेम नंतर परत फुकट डाउनलोड होतो आणि खेळातली प्रगती, म्हणजे सेव्ह फाइल, ही वेगळी असते, गेम डिलीट केला तरी ती आपोआप जात नाही.

ती सेव्ह क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, राहते का, हे कन्सोलप्रमाणे बदलतं. एक्सबॉक्सवर फुकट राहते, प्लेस्टेशन ५ च्या गेमांसाठी आणि स्विचवर त्यासाठी सबस्क्रिप्शन लागतं. पेटी बिघडली की हे आठवतं, म्हणून आत्ताच बघून ठेवा.

७. अकाउंट, आणि इथे घाई नको

सगळे "पुढे, पुढे, पुढे" दाबत जातात ती जागा हीच. पाच गोष्टी सांगते.

देश खरा निवडा. प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही. दुसऱ्या देशात गेम स्वस्त दिसले म्हणून तिथलं अकाउंट काढलं तर तुमचं कार्ड चालत नाही, तुमच्या देशातलं गिफ्ट कार्डही चालत नाही, आणि बदलायचं म्हटलं तर नवं अकाउंट, जुने घेतलेले गेम जुन्याकडेच.

जन्मतारीख खरी टाका. मुलाच्या नावावर मोठ्याची तारीख टाकून मोकळे होतात, मग त्याला कुठलीच मर्यादा लावता येत नाही. आधी मोठ्या माणसाचं अकाउंट करा, मग त्याच्याखाली मुलाचं. म्हणजे खेळायचा वेळ, खर्चाची मर्यादा, अनोळखी लोकांशी बोलणं हे सगळं मोठ्याच्या अकाउंटवरून ठरवता येतं. एक्सबॉक्स आणि निन्टेंडोची त्यासाठी फोनवरची अ‍ॅपही आहेत.

खरेदी करताना पासवर्ड विचारण्याचं सेटिंग चालू करा. मुलं मुद्दाम करतात असं नाही. गेममध्ये चमकणारी पेटी दिसते, बटण दाबलं जातं, कार्ड जोडलेलं असतं. शक्य असेल तर कार्ड जोडूच नका, गिफ्ट कार्डने पैसे भरा, जेवढे भरले तेवढेच जाणार.

दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर फोनवर आलेला कोडही टाकायचा, चालू करा आणि बॅकअप कोड वहीत उतरवा. फोन हरवला आणि कोड नसले तर विकत घेतलेले सगळे गेम कुलपाआड.

आणि घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. नाहीतर धाकट्याने थोरल्याच्या सेव्हवर नवा खेळ सुरू केला की घरात काय होतं ते मी बघितलंय. एकाने घेतलेला गेम त्याच पेटीवर दुसऱ्या प्रोफाइललाही खेळता येतो, पण डिजिटल गेम असेल तर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर त्यासाठी ती पेटी त्याची मुख्य कन्सोल म्हणून सेट केलेली असली पाहिजे.

वयाचं लेबलही इथेच सांगून टाकते. युरोपात पेगी, त्यावर ३, ७, १२, १६, १८ असे सरळ आकडे. अमेरिकेत ईएसआरबी, त्यात ई म्हणजे सगळ्यांसाठी, टी म्हणजे १३ पासून, एम म्हणजे १७ पासून. हे आकडे गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत, आत काय दाखवलंय ते सांगतात. ३ चा गेमही मोठ्या माणसाला घाम फोडू शकतो.

८. कंट्रोलर, म्हणजे खरी शिकवणी

लहानपणापासून खेळलेल्या लोकांना हे दिसतच नाही, म्हणून ते शिकवायला बसले की लगेच चिडतात. कंट्रोलर ही नवी भाषा आहे, तिला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ते अगदी नेहमीचं आहे.

बटणांची नावं आधी. उजवीकडे चार बटणं असतात. प्लेस्टेशनवर खाली क्रॉस, उजवीकडे गोल, डावीकडे चौकोन, वर त्रिकोण. एक्सबॉक्सवर खाली ए, उजवीकडे बी, डावीकडे एक्स, वर वाय. निन्टेंडोवर हीच अक्षरं पण जागा उलट्या, उजवीकडे ए आणि खाली बी, वर एक्स आणि डावीकडे वाय. घरात दोन वेगवेगळे कन्सोल असतील तर "ए दाब" म्हटल्यावर प्रत्येकाचा अंगठा वेगळीकडे जातो, म्हणून आम्ही "खालचं दाब, उजवं दाब" असंच म्हणतो.

कंट्रोलरच्या डोक्यावर, तर्जनीखाली, दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणं: प्लेस्टेशनवर एल१, एल२, आर१, आर२. मागचं २ नंबरचं बटण गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखं असतं, कमी-जास्त दाबता येतं.

आणि आता आर३. मला पडद्यावर "आर३ दाबा" असं आलं आणि मी कंट्रोलर उलटासुलटा करून बघितला, असं बटण कुठेच छापलेलं नाही. ते म्हणजे उजवी काडीच, जी आपण अंगठ्याने फिरवतो. ती फिरवायची नाही, सरळ खाली आत दाबायची, टक् असा आवाज येतो. डावी काडी दाबली की एल३. बऱ्याच गेममध्ये एल३ म्हणजे धावणे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. डाव्या काडीने चालायचं, उजव्या काडीने बघायचं, दोन्ही एकाच वेळी. आपण खऱ्या आयुष्यात मान न वळवता चालतच नाही, त्यामुळे हे दोन वेगळे आहेत हेच डोक्यात शिरत नाही. माझी बहीण पहिल्या दिवशी सरळ भिंतीत चालत गेली, मग घाबरून उजवी काडी पूर्ण वर ढकलली आणि पाच मिनिटं आम्ही सगळे गेममधलं आभाळ बघत होतो. यावर उपाय म्हणजे सराव, पण ठरवून. सुरुवातीला धोका नसलेल्या मोकळ्या जागी उभे रहा. फक्त उजवी काडी हलवून एखादं झाड पडद्याच्या बरोबर मध्ये आणा. मग काडी सोडून फक्त डावीने त्या झाडाकडे चाला. थांबा, नवं झाड शोधा. दहा मिनिटं हेच. चार दिवसांत दोन्ही अंगठे आपोआप एकत्र चालायला लागतात. माइनक्राफ्टचा क्रिएटिव्ह मोड यासाठी उत्तम, तिथे कुणी मारत नाही. तरीही कॅमेरा हातातून निसटत असेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी कमी करा. वर ढकलल्यावर खाली बघायला लागणं काहींना नैसर्गिक वाटतं, त्यांनी "इन्व्हर्ट" चालू करावं.

गरगरणं, मळमळणं हे पुष्कळांना होतं. मोशन ब्लर आणि कॅमेरा शेक बंद करा, खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून थोडं लांब बसा. लगेच डोकं धरत असेल तर थांबा, जोर करू नका. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर लखलखणाऱ्या प्रकाशाबद्दलची सूचना गेम सुरू होताना येते, ती वगळू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

९. सबस्क्रिप्शन लगेच घेऊ नका

तिन्ही कंपन्यांची सबस्क्रिप्शन आहेत: प्लेस्टेशन प्लस, गेम पास, निन्टेंडो स्विच ऑनलाइन. विकत घेतलेला गेम ऑनलाइन दुसऱ्यांबरोबर खेळायला साधारणपणे ते लागतं. एकट्याने खेळायला किंवा एकाच सोफ्यावर दोघांनी खेळायला लागत नाही. फोर्टनाइटसारखे फुकट गेम ऑनलाइन खेळायलाही लागत नाही. ही माहिती नसल्याने लोक पहिल्याच दिवशी वर्षाचं घेऊन बसतात.

त्यात मिळणारे गेम तुमचे होत नाहीत, सबस्क्रिप्शन संपलं की ते बंद, आणि कॅटलॉगमधून गेम अधूनमधून काढलेही जातात. तरी नवीन माणसासाठी एखाद-दोन महिने घेऊन दहा-बारा गेम चाखून बघणं ही फार चांगली गोष्ट आहे, आपल्याला काय आवडतं ते कळतं. घेतल्यावर लगेच "आपोआप नूतनीकरण" बंद करा, भरलेला महिना तरी पूर्ण मिळतो.

१०. जुना कन्सोल घेत असाल तर

चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. विकणाऱ्याचं अकाउंट काढलेलं आणि पेटी फॅक्टरी रीसेट केलेली हवी. ऑनलाइन लॉगिन करून बघा, कारण कंपनीने बंदी घातलेल्या पेट्याही विकायला येतात. डिस्क घालून बाहेर काढून बघा. आणि दोन्ही काड्या सोडून देऊन मेनूकडे मिनिटभर बघत रहा, कुणी हात न लावता मेनू सरकत असेल तर काडी झिजली आहे, त्याला ड्रिफ्ट म्हणतात.

११. पहिला गेम कोणता

लोक सगळ्यात गाजलेला मोठा गेम आणतात, त्यात दोन्ही काड्या, सोळा बटणं, चाळीस तासांची कथा, आणि पहिल्या तासात सगळं अंगावर येतं.

प्लेस्टेशन ५ घेतलात तर आधी अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम उघडा. तो आत आधीपासूनच असतो, फुकट, आणि कंट्रोलरचा प्रत्येक भाग तो खेळता खेळता शिकवतो. स्विचवर मारिओ कार्ट ८ डिलक्स, त्यात "स्मार्ट स्टीअरिंग" आणि आपोआप वेग घेण्याचं सेटिंग आहे, म्हणजे पाच वर्षांचं मूलही रस्त्याबाहेर न जाता शर्यत पूर्ण करतं आणि आजोबाही. एक्सबॉक्सवर फोर्झा होरायझन ५, गाडी आपटली तर एक बटण दाबून वेळ मागे नेता येतो.

दोघांना मिळून काही हवं असेल तर ओव्हरकुक्ड. त्यात कॅमेरा सांभाळावाच लागत नाही, एक काडी आणि दोन-तीन बटणं. गडबड फार होते पण ती सगळ्यांची मिळून होते. इट टेक्स टू हा अप्रतिम आहे आणि दोघांशिवाय खेळताच येत नाही, पण त्यात दोघांनाही आपापला कॅमेरा सांभाळावा लागतो, म्हणून तो महिन्याभराने. आम्ही तो पहिल्याच आठवड्यात लावला आणि अर्ध्यात सोडला, नंतर दोन महिन्यांनी परत सुरुवातीपासून लावला तेव्हा बहीण आणि भाच्याने शेवटापर्यंत नेला.

अवघडपणा "ईझी" ठेवा. काही गेममध्ये त्याला "स्टोरी मोड" म्हणतात. बहुतेक वेळा तो मध्येच बदलता येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही, गेम बनवणाऱ्यांनीच तो दिलाय. सबटायटल्स चालू करा, अक्षरं मोठी करा.

बंद करताना थेट सॉकेटचं बटण दाबू नका. आधी गेम सेव्ह करा. बऱ्याच गेममध्ये कोपऱ्यात छोटं चिन्ह फिरतं तेव्हा सेव्ह चालू असतो, ते थांबू द्या. मग मेनूतून बंद करा. प्लेस्टेशन ५ वर नारिंगी दिवा दिसत असेल तर पेटी बंद नाही, रेस्ट मोडमध्ये आहे, तेव्हा प्लग काढू नका. दिवा पूर्ण विझला की मगच. आमच्याकडे झोपायच्या आधी घरातले सगळे स्विच बंद करायची सवय आहे, म्हणून त्या सॉकेटवर मी एक कागद चिकटवलाय: "दिवा बघून."